ऐकलेले ग्रंथ

मराठी ख्रिस्ती कुटुंबातील ग्रंथसंग्रह सहसा फळीभर देखील नसे. वारंवार हाताळल्यामुळे कडा काळवंडलेले एक बायबल, बांधणी सुटत आलेले 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक, 'ज्ञानोदया'चे दोऱ्याने बांधून ठेवलेले काही अंक, आणि घरात कोणी शिक्षक किंवा उपदेशक असल्यास बाबा पदमनजींचे 'अरुणोदय', लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' किंवा टिळक पतिपत्नींचे 'ख्रिस्तायन', एवढ्या सामग्रीवर आमच्या कित्येक पिढ्यांनी आपली वाचनाची भूक भागविली. ती भूक अर्धपोटी राहिली असे कोणी म्हटले तर मात्र मी ते कबूल करणार नाही, कारण ते वाचन एकट्याने कोपऱ्यात बसून डोळ्यांनी उरकावयाचे नसे. दिवेलागणीनंतर एकाने वाचावयाचे आणि बाकीच्यांनी ऐकावयाचे, अडले तेथे थांबावयाचे, आवडले ते पुन्हा वाचावयास लावावयाचे, अशी त्याची रीत होती, आणि या रीतीने एक ग्रंथ दहा ग्रंथांचे काम करीत असे. माझ्या स्वतःच्या आवडत्या पुस्तकांचा मी विचार करू लागतो तेव्हा ध्यानात येते की त्यांपैकी बहुतेक पुस्तके मला वाचता येण्यापूर्वी मी ऐकली होती. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्यांनी ती लिहिली ते लेखकही श्रवणाच्याच संस्कारात वाढलेले होते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास सांगताना मिशनांचे, छापखान्यांचे आणि धर्मांतरांचे सन पुष्कळ दिले जातात. मोठ्याने वाचण्याच्या या प्रघाताकडे मात्र कोणी फारसे पाहिलेले नाही.

या प्रघाताचा पहिला मोठा पुरावा गोव्यात सापडतो. विल्टशर परगण्यात जन्मलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यास उतरला आणि पुढील चाळीस वर्षे, म्हणजे 1619 मध्ये देह ठेवीपर्यंत, बहुतांशी साष्टीच्या मुलखात राहिला. आल्यापासून चार वर्षांतच, 1583 च्या एका पत्रात, येथील भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीक भाषांसारखी आहे असे त्याने आपल्या भावाला कळविले होते. ज्या काळी त्याच्या बरोबरीचे युरोपीय या देशाकडे मिरीच्या पोत्यांच्या हिशेबाने पाहत होते, त्या काळी त्याच्या कानाने भाषेचे व्याकरण टिपले, ही गोष्ट मला त्याच्या सर्व विद्वत्तेहून थोर वाटते. त्याचे 'क्रिस्तपुराण' 1616 साली राचोल येथे छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत आणि त्याचे दोन भाग आहेत: 'पैलें पुराण' जुन्या कराराच्या कथेचे, 'दुसरें पुराण' ख्रिस्तचरित्राचे. ग्रंथाच्या आरंभी त्याने ज्या प्रसंगाची मांडणी केली आहे तो प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. रविवारी दुपारी देवळात धर्मशिक्षण चालले असता एक बाटलेला ब्राह्मण पाद्रीसमोर उभा राहून म्हणतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर मग त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे आणि काय ऐकावे याची तजवीज तुम्हीच केली पाहिजे.

या मागणीतील दुःख माझ्या मनाला नेहमी लागते. पोर्तुगीज अंमलाखाली साष्टीतील देवळे 1567 च्या सुमारास पाडली गेली होती, पोथ्या नाहीशा करण्यात आल्या होत्या, आणि नव्या धर्मात आलेल्या माणसांजवळ प्रार्थनांच्या पाठांपलीकडे काही नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या सायंकाळी पुराण ऐकण्याची ज्यांना सवय, त्यांच्या सायंकाळी रिकाम्या पडल्या होत्या. स्टीफन्सने हे ओळखले. त्याने ओवी निवडली, कारण ती कानासाठीची रचना होती. अध्यायांना त्याने 'अवस्वरु' असे नाव दिले. आणि मराठी भाषेची जी प्रशस्ती त्याने प्रारंभी केली आहे, जी आज शालेय पुस्तकांतूनही भेटते, ती करताना आपण परक्या भाषेची स्तुती करीत आहोत असा भाव त्याच्या लेखणीत कोठे दिसत नाही. या ग्रंथाचे वाचन रविवारी आणि सणावारी उपासनेनंतर देवळांतून होत असे. पोथी समोर ठेवून तालात ओव्या म्हणणारा वाचक आणि भुईवर बसलेला श्रोतृसमुदाय हे दृश्य पूर्वीचेच होते. कथा तेवढी नवी होती. त्याच्या मागोमाग फ्रेंच जेझुइट एत्येन द ला क्रुआ याने संत पीटरचे पुराण रचले, ते 1629 पासून गोव्यात छापले गेले. परंतु लोकांच्या जिभेवर जे बसले ते स्टीफन्सचे.

येथे मुद्रणाची एक अडचण सांगितली पाहिजे. गोव्यात छापखाना 1556 मध्येच आला होता, पण देशी लिपीचे खिळे नव्हते. ते पाडवून घेण्याची परवानगी स्टीफन्सने 1608 मध्ये रोमला पत्र लिहून मागितली. ते काम झाले नाही, आणि मराठीतील हे महाकाव्य रोमन लिपीत छापावे लागले. 1649 आणि 1654 या साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढे 1684 मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने देशी भाषेचा वापर तीन वर्षांच्या आत सोडून सर्वांनी पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम काढला. हुकमाने लोकांची भाषा सुटली नाही, परंतु तिच्यातील ग्रंथांवरचा राजाश्रय मात्र सुटला, आणि छापील तिन्ही आवृत्त्यांपैकी एकीचीही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ उरला. तो उरला तो गोव्यातून कानडा मुलखात, मंगळूरकडे, गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत, हस्तलिखितांच्या रूपाने. 1784 मध्ये टिपू सुलतानाने या लोकांना पकडून श्रीरंगपट्टणला नेले, तेव्हा बंदिवासातही पुराणाच्या ओव्या म्हटल्या जात होत्या, अशी त्यांची परंपरा सांगते. अशा जपलेल्या प्रती मिळवून जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 साली मंगळूरहून चौथी आवृत्ती छापली, आणि आपण आज 'क्रिस्तपुराण' वाचतो ते मुख्यतः त्यांच्या उपकारामुळे. लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताकडे अमेरिकन मिशनचे जस्टिन ॲबट यांनी पुढे अभ्यासकांचे लक्ष वेधले. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती 1956 मध्ये निघाली.

साल्ढाणांची आवृत्ती प्रथम हाती येते तेव्हा मराठी वाचकाला ती परकी वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. 'श'च्या जागी 'एक्स' हे अक्षर, 'क'साठी कधी एक तर कधी दुसरे अक्षर, शब्दांच्या अंती अनुस्वाराची पोर्तुगीज वळणे, यांमुळे पहिल्या पानावर डोळा ठेचाळतो आणि ही कोणती भाषा असा प्रश्न पडतो. मग एखादी ओवी हलक्या आवाजात म्हणून पाहावी. दुसऱ्या चरणापाशीच यमक ऐकू येते, तिसऱ्यापाशी चाल सापडते, आणि चौथा चरण संपेतो आपण ज्ञानेश्वर-एकनाथांच्या अंगणात उभे आहोत हे कळून चुकते. डोळ्याने जे अनोळखी म्हणून दूर लोटले ते कानाने ओळखून आत घेतले, हा अनुभव मी अनेकांना देऊन पाहिला आहे, आणि ज्यांनी रोमन लिपीकडे पाहून पुस्तक मिटले होते त्यांनीच अर्ध्या तासात ते परत मागून घेतले आहे. स्टीफन्सची भाषा शुद्ध देशी की कोकणीमिश्रित, मूळ हस्तलिखित कोणत्या लिपीत, या वादांना पंडितांच्या सभेत अवश्य स्थान असावे. मोठ्याने वाचणाऱ्याला त्यांची अडचण पडत नाही.

गोव्यातील या प्रवाहाचा पुढे मुंबईत सुरू झालेल्या उद्योगाशी प्रत्यक्ष संबंध काही नव्हता. 1813 साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस आले, तेव्हा त्यांना 'क्रिस्तपुराण' ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. विल्यम केरी यांनी सेरामपूरहून नागपूरकर पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मराठी व्याकरण आणि मत्तयाचे शुभवर्तमान 1805 मध्येच छापले होते, परंतु त्याची भाषा पश्चिम महाराष्ट्रातील कानांना रुचली नाही, आणि मुंबईकरांनी नव्याने आरंभ केला. मुद्रणकला जाणणारे होरेशियो बार्डवेल 1816 च्या अखेरीस येऊन मिळाले. 1817 पासून अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून देवनागरी मजकूर बाहेर पडू लागला. 1826 मध्ये नवा करार पुरा झाला आणि 1847 मध्ये संपूर्ण बायबल. याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम याने देवनागरीचे नेटके खिळे कोरले. आणि याच छापखान्यात दरमहा दोन रुपये पगारावर टाइप घासावयास एक दहा वर्षांचा मुलगा लागला होता, त्याचे नाव जावजी दादाजी. त्याने पुढे 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, आणि संस्कृत काव्यनाटकांपासून पोथ्यांपर्यंत सबंध भारताला सुंदर ग्रंथ पुरविले. शुभवर्तमानाच्या खिळ्यांवर ज्याचा हात बसला त्याच्याच खिळ्यांनी कालिदास घरोघर गेला. धर्माधर्मांत भिंती उभ्या करणाऱ्या आमच्या दोन्हीकडील उत्साही मंडळींनी ही वंशावळ विसरू नये असे मला मनापासून वाटते.

त्या काळच्या छोट्या धर्मपत्रिकांविषयी फार लिहिण्याजोगे नाही. 1827 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ट्रॅक्ट अँड बुक सोसायटीने त्या विपुल काढल्या, जत्रांतून वाटल्या व विकल्या. त्यांतील पुष्कळशा कठोर खंडनाने भरलेल्या होत्या आणि त्यांची भाषा इंग्रजी वाक्यांना मराठी अंगरखा चढविल्यासारखी होती. कानाला ते खपले नाही, म्हणून ते टिकले नाही. याला एक ठळक अपवाद म्हणजे हरि केशवजी पाठारे यांनी 1841 मध्ये केलेले जॉन बनियनच्या ग्रंथाचे भाषांतर, 'यात्रिक क्रमण'. यात्रा, वाट, डोंगर, दलदल, सोबती, वाटमारे, शेवटी पैलतीरीचे नगर, ही सामग्री वारकऱ्यांच्या देशात परकी वाटण्याचे कारणच नव्हते; आणि ओझे पाठीवर घेऊन निघालेला तो यात्रिक आमच्या वृद्ध स्त्रियांना नात्यातल्या माणसासारखा परिचित होता, हे मी स्वतः पाहिले आहे.

'ज्ञानोदया'चा जन्म जून 1842 मधला, अहमदनगर येथला, आणि त्याचे पहिले संपादक हेन्री बॅलंटाइन. पुढे हे पत्र मुंबईस गेले, पाक्षिक झाले, साप्ताहिक झाले. या पत्राने धर्मविषयक वादांबरोबर भूगोल, खगोल, रेल्वे, विधवांची स्थिती असे नाना विषय छापले. परंतु त्याचे खरे कार्य मुंबईपुण्याच्या वाचकवर्गात झाले त्याहून अधिक नगर जिल्ह्यातील खेड्यांत झाले असे माझे मत आहे. मिशनच्या शाळेचा मास्तर हाच त्या खेड्यातला उपदेशक, आणि टपालाने येणारा अंक हा त्याच्या नावचा. पण तो अंक महारवाड्यात, मांगवाड्यात, शाळेच्या एकखणी खोलीत मोठ्याने वाचला जाई, आणि ज्यांना अक्षराला स्पर्श करण्याची शतकानुशतके मनाई होती ती माणसे वर्तमानपत्र ऐकत बसत. आमच्या वाङ्मयेतिहासात बाबा पदमनजी, रेव्हरंड टिळक, पंडिता रमाबाई ही वरच्या जातींतून आलेली नावे पुन्हा पुन्हा येतात, आणि मंडळींचा फार मोठा भाग ज्यांचा होता ते अस्पृश्य समाजातील श्रोते नामनिर्देशावाचून राहतात. हा अन्याय आहे. या श्रोत्यांनी दिलेले एक उत्तर मात्र इतिहासात नोंदलेले आहे: 1855 च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये 'ज्ञानोदया'ने मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला. ती जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकत होती आणि तिचे वय चौदा वर्षांच्या आसपास होते. ज्या धर्मात आम्हांस ग्रंथ वाचण्याची सोय नाही तो धर्म आमचा कसा, हा प्रश्न तिने तेथे उभा केला. ती ख्रिस्ती नव्हती, आणि तिच्या प्रश्नाला ख्रिस्ती मंडळींनी तरी पुरते उत्तर दिले काय, हेही विचारले पाहिजे; परंतु तो प्रश्न छापण्यास एक मराठी पत्र होते, ही 'ज्ञानोदया'ची मोठी पुण्याई मी समजतो.

बाबा पदमनजी हे बेळगावचे. जन्म 1831, बाप्तिस्मा 1854, मृत्यू 1906. मध्यंतरी लहानमोठी शंभरावर पुस्तके, कोश, टीका, नियतकालिके. 1857 साली, म्हणजे उत्तरेत बंडाची धामधूम चालली असता, त्यांनी 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध केले. हिंदु विधवांच्या स्थितीचे निरूपण करणारे हे पुस्तक मराठीतील पहिली कादंबरी म्हणून गणले जाते. कादंबरी या नात्याने ते शिथिल आहे, त्यात प्रवासाच्या धाग्यावर प्रसंग ओवलेले आहेत आणि उपदेशाचा हात जागोजाग दिसतो. पण त्यातील स्त्रिया जेव्हा बोलतात तेव्हा लेखक मागे सरतो, आणि ती केशवपनाची, उपासाची, सासरच्या अंधाऱ्या खोल्यांची बोलणी त्याने प्रत्यक्ष कानांनी ऐकलेली आहेत हे लक्षात येते. 'अरुणोदय' हे त्यांचे आत्मचरित्र 1884 मधले, आणि माझ्या मते ते त्यांचे सर्वोत्तम पुस्तक. आपल्या पूर्वायुष्यातील व्रते, पोथ्या, घरची देवपूजा यांचे वर्णन ते करतात त्यात तिरस्काराचा लवलेश नाही. सोडून आलेल्या घराचा दरवाजा त्यांनी आदराने ओढून घेतला आहे. नवख्रिस्ती माणसाने पूर्वीच्या धर्माविषयी कसे लिहावे याचा नमुना म्हणून मी हे पुस्तक तरुणांना वाचावयास देत असतो.

आता ज्या स्त्रीपाशी मला अधिक थांबावयाचे आहे तिच्याकडे येतो. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना जनापवाद सोसावा लागला. रमाबाईंचा जन्म 1858 मध्ये पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यातला. आणि त्यांचे बालपण पुराणिकाच्या कुटुंबात तीर्थोतीर्थी फिरण्यात गेले. या व्यवसायाचे वर्णन त्यांनी स्वतः करून ठेवले आहे. देवळाच्या मंडपात, घाटाच्या पायरीवर किंवा झाडाच्या पारावर बैठक घालावयाची, पोथी सोडून तिला नमस्कार करावयाचा, आणि खड्या, स्वच्छ सुरात वाचीत राहावयाचे. जाणारे येणारे यात्रेकरू क्षणभर थांबतात, ऐकतात, पोथीला फुले, फळे, धान्य किंवा पैसे वाहतात आणि पुढे जातात. संस्कृत किती जणांना समजते हा प्रश्न गौण; ऐकणे हेच पुण्य. त्या मुलीने असे हजारो श्लोक मुखोद्गत केले. 1874 च्या दुष्काळात, मद्रास इलाख्यात, आईवडील आणि मोठी बहीण एकापाठोपाठ गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी हिंडत उत्तरेस गेले. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले ते त्याच वाणीसाठी. ज्या वाणीने यात्रेत धान्याच्या मुठी मिळविल्या, तिचीच परीक्षा विद्वानांच्या सभेत झाली आणि ती उतरली.

तिच्या ख्रिस्ती वाचनाचा आरंभ कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. पती बिपिनबिहारी मेधवी यांच्या बरोबर सिल्चरला राहत असता घरातील पुस्तकांत तिला लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली. ती तेथे कशी आली हे तिला आठवेना. ती तिने वाचली. 1882 मध्ये पतीचे निधन झाले, 1883 मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे केडगावच्या मुक्तिसदनाने तिचे उर्वरित आयुष्य व्यापले. त्या आयुष्याची अनेक वर्षे तिने बायबलच्या भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक ती उतारवयाकडे झुकल्यावर शिकली. केडगावच्या स्त्रियांना समजेल, ज्यांना अक्षरओळख नुकतीच झाली आहे त्यांना वाचता येईल, आणि ज्यांना तीही नाही त्यांना ऐकून उमगेल, असे बायबल तिला हवे होते. संस्कृतच्या पंडितेने स्वतःच्या पांडित्याला इतके निग्रहाने दूर बसविल्याचे दुसरे उदाहरण मला मराठीत आठवत नाही. खिळे जुळवावयास, प्रुफे वाचावयास, छापावयास, बांधावयास मुक्तिसदनातील मुली व बायका होत्या. त्यांतील कित्येकींना दुष्काळातून उचलून आणलेले होते. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी वारल्या, आणि संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. उपासनामंदिरांत बायबल सोसायटीचे भाषांतर रूढ झाले होते, ते तसेच चालू राहिले, आणि रमाबाईंचे बायबल अभ्यासकांच्या कपाटात गेले. मला याची खंत वाटते. त्यातील काही वळणे आज खडबडीत लागतात हे खरे. परंतु मूळ भाषांशी इतकी वर्षे झुंजून, फक्त स्त्रियांच्या हातांनी सिद्ध झालेला असा ग्रंथ आपल्या भाषेत आहे, याचा अभिमान ख्रिस्तेतर मराठी वाचकांनीही बाळगावयास हवा.

नारायण वामन टिळकांची कथा पुष्कळांना ठाऊक आहे. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी हे कोकणस्थ कवी थबकले. आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते कीर्तनकाराच्या परंपरेतील मनुष्य. तुकोबांचे आपल्यावरील ऋण त्यांनी ख्रिस्ती झाल्यावर उघडपणे मान्य केले, आणि इंग्रजी चालींवर बसविलेल्या गीतांनी ओशाळलेल्या आमच्या उपासनेत अभंग, भजन आणि टाळ परत आणले. नगरच्या बाजूस कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी तिच्यावर काव्याची सावली धरली. त्यांची पदे 'उपासना संगीता'त आहेत आणि ज्या खेड्यांत एकही पुस्तक पोचले नाही तेथेही ती पोचली.

परंतु माझा प्रिय ग्रंथ कोणता असे विचारल्यास मी टिळकांचे नाव घेणार नाही, त्यांच्या पत्नीचे घेईन. लक्ष्मीबाई 1868 मध्ये नाशिकजवळील जलालपूरला जन्मल्या, अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, शाळा त्यांनी पाहिली नाही, अक्षरे नवऱ्याकडून शिकल्या ती देखील त्याच्या लहरीप्रमाणे. पतीच्या धर्मांतरानंतरची पाच वर्षांची ताटातूट, मग 1900 मध्ये स्वतः घेतलेला बाप्तिस्मा, दुष्काळातील पोरक्या मुलांचा सांभाळ, प्लेग, वैधव्य, उतारवयातील कराचीचा मुक्काम, हे सर्व 'स्मृतिचित्रां'त आहे. ही चित्रे प्रथम 'संजीवनी' पत्रात क्रमशः आली आणि 1934 पासून पुस्तकरूपाने निघाली. त्यांच्या शैलीविषयी समीक्षकांनी खूप लिहिले आहे. साधेपणा, विनोद, प्रांजळपणा हे शब्द त्यात येतात. मला त्यात एक गोष्ट अधिक दिसते. लक्ष्मीबाईंचे वाक्य हे सांगितलेले वाक्य आहे. सोवळ्याओवळ्याच्या वेडाने घराला भंडावून सोडणारे वडील बोलतात तेव्हा त्यांचा सूर वेगळा, सासऱ्यांचा वेगळा, टिळकांच्या रागाचा वेगळा आणि पाच मिनिटांत विरघळलेल्या त्याच टिळकांचा आणखी वेगळा. आणि हे सूर लेखिकेने विशेषणांनी रंगविलेले नाहीत, बोलण्याच्या लांबीआखूडपणाने दाखविलेले आहेत. आमच्याकडे स्त्रियांच्या सभेत याचे वाचन होई तेव्हा वाचणारीला थांबावे लागे, इतके हसू येई. आणि ताटातुटीच्या प्रकरणात तीच मंडळी पदराने डोळे पुसत. धर्मांतराच्या बाबतीत नवऱ्याची बाजू आणि बायकोची बाजू या दोन्ही एकाच पुस्तकात, एकाच स्त्रीच्या तोंडून, इतक्या न्यायाने क्वचितच मांडल्या गेल्या असतील. ज्या नवऱ्यावर ती रागावली त्याच्यावरचे तिचे प्रेम कोठे कमी होत नाही, आणि ज्या सनातनी माहेराने तिला सावरले त्याचा अपमान ती कोठे करीत नाही.

1919 च्या मे महिन्यात टिळक वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' दहा-अकरा अध्यायांवर अडलेले होते. ते कोणी पुरे करावे? विद्वान पुष्कळ होते. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि पुढील चौसष्ट अध्याय लिहिले. त्यांचा देहान्त 1936 मध्ये झाला आणि ग्रंथ 1938 मध्ये प्रसिद्ध झाला. या कामाचे योग्य माप अजून कोणी घेतलेले नाही अशी माझी तक्रार आहे. टिळकांचे अध्याय संस्कृत काव्याच्या वळणाचे, निसर्गवर्णनांनी समृद्ध, प्रौढ. बाईंचे अध्याय सुरू झाले की जात्यावरची, अंगणातली, ओटीवरची भाषा येते, आणि येशू गालिली समुद्राच्या काठी लोकांशी बोलतो तो नाशिकच्या घाटावर बसल्यासारखा बोलतो. समीक्षक याला काव्याची उतरती कळा म्हणतात. मी दोन्ही भाग मोठ्याने वाचले आहेत, अनेकदा वाचले आहेत, आणि माझा निर्णय त्यांच्या उलट आहे: पहिल्या भागाला वाचकाची तयारी लागते, दुसऱ्याला कोणत्याही तयारीवाचून श्रोते मिळतात. जे स्टीफन्सकडे त्या ब्राह्मणाने मागितले होते, म्हणजे आपल्या भाषेत, आपल्या चालीत, सायंकाळी बसून ऐकता येईल असे ख्रिस्तचरित्र, ते तीनशे वर्षांनी, पोथी वाचण्यात ऐकण्यात वाढलेल्या एका बाईने पुन्हा दिले. तिच्यापाशी 'क्रिस्तपुराणा'ची प्रत होती किंवा नव्हती याने काही बिघडत नाही. दोघांचे गुरुकुल एकच, ओवीचे.

'क्रिस्तपुराणा'ला साल्ढाणा भेटले, बंडेलू भेटले, पुढे फादर कारिदाद द्राग यांची 1996 ची देवनागरी आवृत्तीही लाभली. 'स्मृतिचित्रां'ची साक्षेपी आवृत्ती लक्ष्मीबाईंचे नातू अशोक टिळक यांनी सिद्ध केली. 'ख्रिस्तायना'च्या चौसष्ट अध्यायांना असा संपादक अजून हवा आहे: बाईंच्या हातची जी काही टिपणे व मसुदे मिळतील ते ताडून पाहणारा, कोठे शुभवर्तमानाचा आधार आहे आणि कोठे त्यांनी स्वतःच्या पदरचे घातले आहे ते नोंदविणारा, आणि ओवी म्हणता येईल अशा मोठ्या, मोकळ्या टाइपात पान मांडणारा.